जिगसॉ टेबलाखाली उलटा बसवायचा असेल, तर आधी ब्लेडच्या मोकळ्या टोकाचा विचार करा

बालवाडीसाठी १२ मिलिमीटरच्या प्लायमधून मुळाक्षरं कापायची आहेत. हाताशी ६५० वॉटचा साधा जिगसॉ, म्हणजे ब्लेड खालीवर करत लाकडात वळणं कापणारं हातातलं यंत्र, आहे. अक्षराची वळणं घेताना एका हातात मशीन, दुसऱ्या हाताने क्लॅम्प हलवायचा, अशी तारांबळ उडते. तेव्हा जिगसॉ टेबलाखाली उलटा बसवून लाकूडच फिरवलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न. ओळखीच्या एका सुताराकडे तसं करून पाहिलं, तर अक्षराची वरची कड रेषेवर आली आणि खालची दोन मिलिमीटर सरकली, असंही तुम्ही लिहिलं आहे.

चालेल. मी शैक्षणिक खेळणी आणि नावाच्या पाट्या करतो, आणि वळणाचं बरंचसं काम अशाच टेबलावर करतो. पण तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. टेबल करणं अवघड नाही, सुट्टीच्या एका दिवसात होतं. अवघड आहे ते ब्लेड सरळ उभं ठेवणं. तेवढं साधलं तर हे टेबल उपयोगाचं, नाहीतर हातातलाच जिगसॉ बरा.

दोन कडा वेगळ्या का येतात ते आधी बघू. जिगसॉचं ब्लेड एकाच टोकाला पकडलेलं असतं, दुसरं टोक मोकळं. स्क्रोल सॉमध्ये, म्हणजे बारीक नक्षी कापायच्या टेबलावरच्या यंत्रात, पातं दोन्ही टोकांना ताणून बांधलेलं असतं, इथे तसं नाही. वळण घेताना तुम्ही लाकूड आडवं रेटता, खाली घट्ट असलेलं ब्लेड तिथे जागेवर राहतं आणि वरचं टोक झुकतं. रेषा प्लायच्या वरच्या बाजूला असते, म्हणून डोळे वरच्या कडेवर. ती तुम्ही बरोबर सांभाळता आणि खालची कड आपल्या वाटेने जाते. एका बाजूने धरलेली पट्टी टोकाशी किती वाकेल, हे तिच्या मोकळ्या लांबीच्या घनावर अवलंबून असतं. मोकळी लांबी निम्मी केली तर वाकणं आठव्या हिश्शावर येतं. जाडीचंही तसंच: एक मिलिमीटरऐवजी दीड मिलिमीटर जाड ब्लेड घेतलं, तर ते तिपटीहून जास्त ताठ. पुढची सगळी खटपट या दोन गोष्टींभोवतीच आहे.

मात्र टेबलाला हात घालण्याआधी मशीन तपासा. प्लग काढा, ब्लेडचं टोक चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. ब्लेड स्वतः थोडं लवतंय, की ब्लेड पकडणारा दांडाच आत खुळखुळतोय? दांडा खुळखुळत असेल तर तुम्ही कितीही सुबक टेबल केलं तरी काप सरळ येणार नाही. जुन्या, खूप वापरलेल्या मशीनमध्ये हा ढिलेपणा हमखास असतो. पेंड्युलमचं बटण असेल तर ते शून्यावर ठेवा. त्या क्रियेत ब्लेड खालीवर होता होता पुढेमागेही झुलतं. सरळ, भराभर कापायला ते चांगलं, पण अक्षराच्या वळणात त्याने कडा फाटतात आणि वरच्या गाइडशी (ब्लेडचं वरचं टोक सावरणारा आधार, तो पुढे येईल) त्याची सतत मारामारी होते.

आता उलटं बसवण्याचा एक फायदा, ज्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. हातातल्या जिगसॉचे दात मशीनच्या दिशेने असतात, म्हणजे ब्लेड वर येताना कापतं. त्यामुळे वरच्या बाजूच्या कडा फुटतात, आणि म्हणून सुतार चांगली बाजू खाली ठेवून मागून आखतात. तुमच्या कामात त्याचा अर्थ असा, की प्रत्येक अक्षर आरशातल्यासारखं उलटं आखायचं. ‘ठ’चं एक वेळ निभावेल, पण ‘श’ आणि ‘ज्ञ’ उलटे आखताना चूक व्हायचीच. मशीन उलटं झालं की दात टेबलाकडे होतात. ब्लेड खाली जाताना कापतं, लाकूड टेबलावर दाबून धरतं, आणि कडा फुटल्याच तर खालच्या बाजूच्या फुटतात. अक्षर सुलट आखा, चांगली बाजू वर ठेवा, रेषा डोळ्यांसमोर. याच कारणाने उलट्या दातांचं टी१०१बीआर ब्लेड इथे लावू नका. हातात ते वरची कड स्वच्छ ठेवतं, टेबलावर मात्र लाकूड उचलून आदळेल.

ब्लेड कोणतं, याला एकच उत्तर नाही. वळणासाठी पातं अरुंद हवं, ताठपणासाठी रुंद आणि जाड हवं, आणि ही दोन्ही एका ब्लेडमध्ये पूर्ण मिळत नाहीत. बॉशच्या क्रमांकांनी सांगतो, कारण दुकानात तेच चालतात आणि इतर कंपन्याही बऱ्याचदा तेच छापतात. टी१०१एओ हे बारीक दातांचं, अरुंद, वळणाचं ब्लेड. एकूण लांबी ८३ मिलिमीटर, साधारण १५ मिलिमीटरपर्यंतच्या लाकडासाठी. टी१०१बी हे १०० मिलिमीटरचं, ३० मिलिमीटरपर्यंत स्वच्छ कापणारं, पण रुंद, त्यामुळे लहान वळणात अडतं. तुमच्या अक्षरांसाठी मी टी१०१एओ घेईन, शिरोरेषेसारख्या सरळ कडांना टी१०१बी. ब्लेडचं मशीनमध्ये अडकणारं टोक, म्हणजे शँक, टी आकाराचा असतो किंवा यू आकाराचा. तुमचं मशीन कोणतं घेतं ते बघूनच आणा.

त्या ८३ मिलिमीटरमुळेच टेबलाच्या पृष्ठभागाचा प्रश्न येतो. बहुतेक जण १८ मिलिमीटरच्या प्लायला भोक पाडतात आणि मशीन खालून थेट स्क्रूने आवळतात. तिथेच ब्लेडची १८ मिलिमीटर लांबी टेबलाच्या पोटात वाया जाते. ब्लेड सगळ्यात खाली असताना मशीनच्या बेस प्लेटच्या (लाकडावर टेकणाऱ्या सपाट तळाच्या) वर किती ब्लेड उरायला हवं याचा हिशेब मांडा: टेबलाची जाडी, अधिक प्लायचे १२, अधिक प्लाय मोकळा सरकायला ३, अधिक वरच्या गाइडसाठी १०. टेबल १८ मिलिमीटरचं असेल तर बेरीज ४३ होते, ६ मिलिमीटरच्या प्लेटवर ३१. हा १२ मिलिमीटरचा फरक छोट्या ब्लेडला फार मोठा आहे.

तुमच्या मशीनवर किती उरतं ते मोजा, कारण ब्लेडची पकड किती आत आहे हे प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. स्विच क्षणभर दाबून सोडत गेलात की ब्लेड वेगवेगळ्या उंचीवर थांबतं. सगळ्यात खालच्या जागी थांबलं की प्लग काढा आणि पट्टी लावा. मोजमाप कमी भरलं तर वळणाचंच पण जरा लांब ब्लेड बघा. एक गोष्ट मात्र नक्की पाळा: ब्लेडचं टोक खाली जाताना गाइडमधून किंवा लाकडातून कधीच बाहेर निसटता कामा नये. निसटलं तर वर येताना ते खालून ठोकर मारतं. मग एकतर ब्लेड मोडतं किंवा लाकूड हातातून उडतं.

म्हणून पृष्ठभाग असा करा. साधारण ६०० बाय ४५० मिलिमीटरचा १८ मिलिमीटर प्लाय घ्या. मध्यभागी मशीनच्या बेसपेक्षा चारही बाजूंनी ३० मिलिमीटर मोठी खिडकी कापा आणि तिच्या कडेने ६ मिलिमीटर खोल पताम, म्हणजे प्लेट बसायला पायरीसारखी खाच, पाडा. राउटर असेल तर सोपं, नसेल तर धारदार पटाशीने होतं. त्या पतामात ६ मिलिमीटरची हायलम शीट (राळेत दाबून केलेली कडक शीट) बसवा. ती इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांकडे तुकड्यात मिळते, लवत नाही, तिच्यावर लाकूड छान सरकतं आणि साध्या ड्रिलने भोकं पडतात. अॅल्युमिनियम चालेल, पण कच्च्या अॅल्युमिनियमचा काळपट डाग फिक्या लाकडावर उतरतो. अॅक्रिलिक नको, स्क्रूच्या भोकापाशी आणि सततच्या थरथरीने ते तडकतं. प्लेटमध्ये ब्लेडपुरतीच लहान फट ठेवा. फट जितकी अरुंद, तितकी प्लायची खालची कड कमी फुटते.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर असाल, तर टेबलाच्या प्लायला वरून सनमायका लावताना खालूनही लावा. एकाच बाजूला लावला तर पावसाळ्यात उघडी बाजू ओल धरते, प्लाय वाकतो, आणि मग गुण्या लावून काटकोन जुळवण्याला काही अर्थ उरत नाही.

मशीन प्लेटला बांधताना दोन मार्ग आहेत. बेसमध्ये चार भोकं पाडून वरून ५ मिलिमीटरचे काउंटरसंक (डोकं पृष्ठभागात बुडणारे) मशीन स्क्रू आणि खालून नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे) नट. ही पकड पक्की, पण भोकं पाडलीत की वॉरंटी विसरायची. दुसरा मार्ग म्हणजे बेसच्या दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून बेस त्यांच्याखाली आवळायचा. पत्र्याचा बेस असेल तर भोकांचा मार्ग घ्या, कारण पट्टीच्या दाबाने पत्रा लवतो. ओतीव अॅल्युमिनियमच्या बेसला पट्ट्या चालतात. काहीही केलंत तरी पहिल्या अर्ध्या तासाच्या कामानंतर सगळे नट पुन्हा आवळा. जिगसॉची थरथर साधा नट हळूहळू उलटा फिरवते.

टेबल खोक्यासारखं करा, उंची मशीन आत मोकळं मावेल एवढी. मागची बाजू उघडी ठेवा. भुसा आता सरळ मशीनच्या तोंडात पडणार आहे. हातात धरलेलं असताना मशीन भुशाच्या वर असायचं, इथे तो ब्लेडच्या पकडीत आणि मोटरच्या जाळीत शिरतो. व्हॅक्युमची नळी बाजूने आत सोडा, आणि काम झालं की ब्लोअरने पकड आणि जाळी साफ करा. एमडीएफ कापणार असाल तर मास्क लावाच. तो भुसा पिठापेक्षा बारीक असतो आणि त्यात राळ असते.

आता वरचा गाइड, ज्यावर सगळं अवलंबून आहे. टेबलाच्या मागच्या कडेला एक खांब उभा करा, त्यातून क्रेनसारखा हात पुढे ब्लेडच्या वर आणा. खांब ब्लेडपासून जितका मागे, तितकं मोठं लाकूड फिरवता येतं. पण हात लांब झाला की तोही लवतो. अक्षरांसाठी २५० मिलिमीटर पुरेसे आहेत. मी २५ मिलिमीटरचा चौकोनी लोखंडी पाइप वापरतो. प्लायचे दोन थर फेविकॉलने चिकटवून केलेला हातही चालतो, फक्त रुंदी उभी ठेवा. हात वरखाली करता यावा म्हणून खांबात उभी खाच आणि विंग नट.

हाताच्या टोकाला बरेच जण दोन बाजूंना दोन बेअरिंग लावतात. रुंद ब्लेडला ते ठीक, पण अरुंद ब्लेडला माझा त्याला विरोध आहे. नेहमी मिळणारं ६०८ नंबरचं बेअरिंग ७ मिलिमीटर रुंद असतं. वळणाच्या ब्लेडवर ते दातांपर्यंत पोचतं आणि दात खराब करतं. मी बाजूंना हायलमचे दोन छोटे तुकडे लावतो, लांबट भोकांचे, म्हणजे ते पुढेमागे सरकवता येतात. त्यांची पुढची कड दातांच्या मुळाच्या किंचित मागे ठेवायची. ब्लेड आणि तुकडा यांच्यात एक कागद जेमतेम सरकेल एवढीच फट. बेअरिंग फक्त मागे, ब्लेडच्या पाठीला टेकेल न टेकेल असं. हायलमला मधूनमधून मेणबत्ती घासा.

त्याच हाताला, गाइडच्या खाली, पातळ प्लायची एक दाबपट्टी बसवा, पुढून यू आकाराची खाच पाडून ब्लेडभोवती येणारी. ती प्लायला जेमतेम टेकली पाहिजे. ब्लेड खाली जाताना लाकूड दाबतं हे खरं, पण वर येताना घर्षणाने उचलतंही. वळणात ब्लेड चावलं की ते उचलणं एकदम जोरात येतं. पट्टी ते थांबवते आणि बोटं ब्लेडपासून दूर ठेवते.

काटकोन जुळवायला गुण्या समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून लावा. मग एक खात्रीची परीक्षा: प्लायची पट्टी सरळ कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना टेबलावर भिडवा. ब्लेड जितकं तिरकं असेल, त्याच्या दुप्पट फट दिसेल. गुण्याला न दिसणारा तिरकेपणा यात उघडा पडतो.

स्विचच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. मशीनचं लॉक बटण दाबून ते भिंतीच्या बटणाने चालूबंद करू नका. वीज गेली, तुम्ही ब्लेडपाशी अडकलेला तुकडा काढायला हात घातला आणि वीज आली, तर मशीन आपोआप सुरू होतं. आपल्याकडे वीज जाते-येते हे वेगळं सांगायला नको. दाबला की चालू आणि पाय उचलला की बंद असा फूटस्विच लावा, तुमच्या मशीनला पेलेल इतक्या अँपियरचा, आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अक्षर फिरवताना दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे थांबवायचं काम पायाकडेच हवं. शिलाई मशीनचं पायडल लावू नका. ते त्या छोट्या मोटरसाठी असतं. ब्लेड मोडलं तर ते वर उडतं, तेव्हा चष्मा लावाच. आणि बालवाडीच्या आवारात हे टेबल ठेवणार असाल, तर काम संपल्यावर ब्लेड काढून ठेवत जा.

वेग मध्यम ठेवा. फार कमी वेगावर तासन्‌तास चालवू नका, कारण मोटरला गार करणारा पंखाही तिच्याच वेगाने फिरतो. वेग कमी, हवा कमी. मशीनचं पुढचं डोकं हाताला चटका देऊ लागलं की मिनिटभर लाकूड न लावता पूर्ण वेगाने चालवा आणि मग थांबवा.

राहिलं ते अक्षर कापण्याचं. प्लायऐवजी सलग लाकूड घेतलं तर उभ्या दांडीसाठी लाकडाचे तंतू उभे ठेवावे लागतात आणि शिरोरेषा तंतूंना आडवी पडते. मुलाच्या हातून अक्षर पडलं की ते नेमकं शिरोरेषेच्या सांध्यात तुटतं. तुम्ही प्लाय निवडला ते योग्यच. फक्त ‘ण’सारख्या अक्षरात लांब पाय शिरोरेषेला लटकलेले असतात; १२ मिलिमीटरच्या प्लायला त्यांची रुंदी १५ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवू नका. स्वस्त प्लायमध्ये आत पोकळ जागा असते. ब्लेड पोकळीत शिरलं की झटका बसतो आणि वळण बिघडतं, आणि अक्षराच्या कडेला ते भोक दिसत राहतं. प्लाय विकत घेताना शीटच्या चारही कडा बघून घ्या.

वळण एका दमात घ्यायचा अट्टहास नको. बाहेरच्या कडेपासून रेषेपर्यंत आधी काही आडवे काप देऊन ठेवा. मग वळण कापत गेलात की टाकाऊ भाग तुकड्यातुकड्याने गळतो आणि ब्लेडला वळायला जागा मिळते. लाकूड पुढे ढकलण्यापेक्षा ते ब्लेडभोवती फिरवायचं, ब्लेड जितकं खाईल तितकंच द्यायचं. बाजूने जोर लावलात की गाइड असूनही खालची कड सरकेल.

‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातली भोकं कापताना हे टेबल स्क्रोल सॉपेक्षा सोयीचं पडतं. स्क्रोल सॉचं पातं प्रत्येक भोकासाठी एका टोकाने सोडून पुन्हा ओवावं आणि ताणावं लागतं. इथे टोक मोकळंच आहे. पोटात १० मिलिमीटरचं भोक पाडा, प्लग काढा, गाइडचा हात वर करा, अक्षर ब्लेडवर वरून सोडा, हात पुन्हा खाली आणून आवळा. पोट आधी, बाहेरची कड नंतर, म्हणजे तोवर धरायला मोठा तुकडा हातात राहतो. पोटाच्या वळणाची त्रिज्या पाचसहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल, किंवा प्लाय ६ मिलिमीटरहून पातळ असेल, तर मात्र स्क्रोल सॉच घ्या; ते काम या टेबलाचं नाही.

पहिल्या दिवशी ‘ट’, ‘ड’, ‘र’ कापा. त्यांची वळणं उघडी आहेत, पोट नाही. प्रत्येकाची वरची आणि खालची कड गुण्याने तपासा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला की ‘व’ आणि ‘ब’ घ्या. ‘छ’ आणि ‘ळ’ सगळ्यात शेवटी, आणि त्यांना नवीन ब्लेड लावून.